अर्लीनच्या बंदुकीवरची दुर्बीण

उत्तर पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातली माणसं वर्षातून एकदाच पोटभर बोलतात. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो, सगळे आपापल्या खोपीत जमतात, तेव्हा. डेल्मर हाउप्टला आता तीही सोय उरली नव्हती. त्याच्या बापाने दोस्तांना घेऊन बांधलेली लाकडी खोप होती, एकावर एक पलंग होते, शेगडी होती. डेल्मरचे स्वतःचे दोस्त मात्र एकेक करून चर्चमागच्या कुंपणात जाऊन पडले होते. शेवटचा एक गुडघे धरून फ्लोरिडाला लेकीकडे गेला, आणि तिथून नाताळला संत्र्यांची पेटी पाठवतो. संत्री गोड असतात, पण संत्र्यांशी पत्ते खेळता येत नाहीत.

खोपीच्या भिंतीवर शर्टांचे तुकडे ठोकलेले आहेत. ज्याचा नेम चुकून हरीण निसटेल, त्याच्या शर्टाचं मागचं शेपूट कापायचं आणि त्यावर नाव घालून खिळ्याने ठोकायचं, हा तिथला रिवाज. त्यातून न्यायाधीशही सुटत नाही आणि पाद्रीही. मागच्या साली डेल्मरचा नेम चुकला. तो खोपीत आला, कात्री हातात घेतली, आणि मग लक्षात आलं की स्वतःच्या पाठीमागचं स्वतःला कापता येत नाही. शर्ट खोचून तो घरी गेला. हरीण गेल्याचं त्याला काही वाटलं नाही. शर्ट अख्खा राहिला याचं वाईट वाटलं.

आणि यंदा पानगळीच्या सुमारास ग्लेनचा फोन आला. ग्लेन म्हणजे त्याचा मुलगा, पिट्सबर्गला असतो, बंदुकीला हात लावत नाही. खोप विकून टाका, असं बापाला दरवर्षी सांगतो.

“बाबा, टेसा बारा वर्षांची झाली. शिकारीचा वर्ग पास झाली, लायसनही काढलं. तुमच्याकडे यायचं म्हणतेय.”

“मग पाठव की.”

“एक वर्ष बघेल म्हणते. नाही जमलं तर पुढच्या वर्षी सॉकरची टीम. तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं.”

“मी कशाला लावून घेऊ?” डेल्मर म्हणाला. फोन ठेवून त्याने रिकाम्या स्वयंपाकघरात दोन चकरा मारल्या. नात आली, रमली, तर खोपीला माणूस मिळणार होतं. नाही रमली, तर ग्लेनचंच खरं.

बंदूक घरातच होती, त्याच्या बायकोची, अर्लीनची. ती बुटकी म्हणून तिच्या वडिलांनी खांद्याला टेकायचा लाकडी दस्ता कापून आखूड केलेला. अर्लीन गेल्यावर डेल्मरचा खांदा कामातून गेला, त्याची स्वतःची जड बंदूक त्याला सोसेना. तेव्हापासून तोही ही हलकीच वापरायचा. एवढा धिप्पाड माणूस त्या आखूड दस्त्यावर मान पुढे काढून बसला की कासवासारखा दिसायचा, पण हसायला तिथे होतं कोण? बंदुकीवर दुर्बीण मात्र नव्हती. टेसाला चष्मा होता, तेव्हा दुर्बीण हवीच.

मर्लच्या दुकानात पुढे मासेमारीचे किडे-गळ आणि मागे बंदुका. मर्लने काचेवर एक लांबलचक काळी दुर्बीण ठेवली. आत लाल ठिपका पेटत होता आणि किंमत संशय यावा इतकी कमी होती.

“याने काय बघायचं, चंद्रावरची हरणं?” डेल्मरने विचारलं.

“पोरं हीच मागतात बाबा. पण थंडीत धुकं धरते, आधीच सांगतो. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा. तुझ्या खोपीपाशी हरीण कुठं निघतं?”

“झुडपातनं निघतं आणि पुढ्यात उभं राहतं.”

“मग चौपट मोठं दिसलं की पुरे. त्याहून मोठं केलंस तर नुसते केस दिसतील. हरणाचे का अस्वलाचे, ते घरी जाऊन ठरवत बस.” मर्लने खालच्या कप्प्यातून एक जुनी, साधी दुर्बीण काढली. नळीवर ओरखडे होते, काच निर्मळ होती. “ही घे. त्या सोनूबाईपेक्षाही स्वस्त. पण पोरीला घेऊन ये. तिच्या डोळ्याला लावून, मागे-पुढे सरकवून मग दुर्बिणीच्या कड्या आवळू.”

“ती पिट्सबर्गला. मीच आवळतो. जन्मभर काय मी कोबी विकला?”

“तू आणि तुझा हट्ट. ने.”

डेल्मरने ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर बंदुकीला बसवली. मग खाणीच्या पडीक खड्ड्यात जाऊन नेम जुळवला. शेवटच्या गोळ्या बशीएवढ्या वर्तुळात बसल्या. फार वर्षांनी तो शीळ वाजवत घरी आला, दुसरा कप विसळून ठेवला, आणि खोपीतल्या खालच्या पलंगावर आपल्या घरातली सगळ्यात जाड रजई नेऊन टाकली.

हंगाम उघडायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, बर्फामुळे ग्लेनची गाडी उशिरा आली. अंधार पडला होता. टेसाला खोपीपाशी उतरवून, रविवारी येतो म्हणून तो तसाच परतला. डेल्मरने रिकामी बंदूक तिच्या हातात दिली. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर धरून पाहिलं.

“दिसतंय ना नीट?”

“हो आजोबा.”

सकाळी दोघं नारिंगी जाकिटं घालून हेमलॉकच्या बुंध्याशी बसली. उजाडल्यावर झुडपातून शिंगाळा नर निघाला आणि अगदी डेल्मरने मर्लला सांगितलं होतं तसा पुढ्यात येऊन उभा राहिला. टेसाने बंदूक उचलली. ती मान हलवत राहिली, मागे-पुढे, मागे-पुढे. शेवटी बार झाला, बर्फ उडालं, आणि नर शेपटी वर करून उतारावरून पळाला. दोघांनी वर-खाली सगळीकडे पाहिलं. रक्ताचा थेंब नव्हता.

दोघं खोपीत परतली. आल्यावर तिने स्वतःच आपला शर्ट बाहेर ओढला आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. “कापा. बाबांनी सांगितलंय मला.” आवाज रडका होता.

डेल्मरने कात्री उचलली नाही. “तुला दुर्बिणीत काय दिसत होतं गं?”

“जसं दिसतं तसंच. मधे बटणाएवढं भोक आणि भोवती सगळं काळं.”

“काल पण?”

“काल पण. मला वाटलं, सगळ्यांना असंच दिसतं.”

डेल्मरने बंदूक हातात घेऊन पाहिली. दुर्बीण त्याने स्वतःच्या मानेच्या मापाने पार पुढे बसवली होती. पोरीचा डोळा तिथपर्यंत पोचतच नव्हता. आज इतकी वर्षं घरात एक खुर्ची, एक कप, एक ताट. मापाला दुसरं माणूस असतं हेच तो विसरला होता. त्याला स्वतःची लाज वाटली आणि त्याहून जास्त कीव आली.

“चूक माझी आहे, पोरी,” तो म्हणाला. उठला, पाठ फिरवली आणि शर्ट बाहेर काढला. “काप.”

“तुमचा? पण गोळी मी मारली.”

“आंधळी बंदूक कोणी दिली? काप म्हणतो ना.”

टेसाने कापलं, आणि चांगलं पाठीपर्यंत कापलं.

“अगं, शेपूट सांगितलं होतं. शिवणकाम नव्हतं सांगितलं.”

ती हसली. तुकड्यावर तिने त्याचं नाव घातलं आणि खिळ्याने ठोकला. त्यानंतर त्याने कड्यांचे स्क्रू सैल केले. तिने डोळे मिटून गाल दस्त्यावर टेकायचा, उघडायचे, आणि काय दिसतं ते सांगायचं. तो दुर्बीण तसूतसूने मागे सरकवत राहिला. एकदम ती म्हणाली, “आता. आता सगळंच दिसतंय.” त्याने स्क्रू आवळले. जेवण झाल्यावर खोपीमागच्या बांधाला कागद लावून तिने दोन-चार बार काढले आणि त्याने नेम जुळवून दिला. मग दोघं मावळेपर्यंत बसली, पण एकही हरीण आलं नाही.

रविवारी ग्लेन आला. “काय मग, टेसा? सॉकर का हे?”

“बघू,” ती म्हणाली आणि गाडीत बसली. डेल्मरने दार लावून दिलं. गाडी वळली, थांबली, काच खाली झाली. “आजोबा, त्या स्क्रूंना हात लावू नका हं.”

गाडीचा आवाज ओढ्यापलीकडे गेला. डेल्मर आत आला. हंगाम जवळजवळ सगळाच उरला होता. सवयीने त्याने अर्लीनची बंदूक पुसली, गालाला लावली. दुर्बिणीत मिट्ट काळं दिसलं. त्याची मान पुढे आणि काच आता नाकाशी. अशात बार काढला असता तर बंदुकीच्या धक्क्याने भुवईच फुटली असती. पेचकस खिशातच होता. हातही तिथवर गेला.

मग त्याने बंदूक होती तशी खुंटीला टांगली. यंदा त्याची शिकार होणार नव्हती. शनिवारपासून तोच शर्ट अंगात होता, कापलेल्या जागेतून पाठीला गार वारं लागत होतं. त्याने शर्ट बदलला नाही. खुर्ची शेगडीजवळ ओढली आणि शर्टांच्या तुकड्यांच्या भिंतीकडे तोंड करून बसला.