पायलटच्या बापाची पदवी

आपल्या मुलीला पायलट व्हायचंय हे कळल्यावर मी सगळ्यात आधी, ती पायलट झाली नाही तर काय, याची तयारी सुरू केली.

परतूरला स्टेशन रोडवर माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारी जळून येतात, मी त्यांत नवी तांब्याची तार भरून देतो. इतकी वर्षं हेच केल्यामुळे माझं एक मत पक्कं झालंय, की जे आज चालू आहे ते कधी ना कधी जळणारच. म्हणून बारावीला फिजिक्स-मॅथ्समध्ये उत्तम मार्क घेऊन अश्विनी माझ्यासमोर उभी राहिली आणि "पप्पा, मला पायलट व्हायचंय" म्हणाली, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर विमान आलंच नाही. जळालेली मोटार आली.

"हो की," मी म्हणालो. "पण हातात एक डिग्री पाहिजे."

"कशाला?"

"समज, मेडिकलमध्ये काही निघालं. समज, परीक्षाच न्हाई निघाली. समज, सगळं झालं अन् नोकरी न्हाई लागली."

"पप्पा, मी आत्ता फक्त एक वाक्य बोलले," ती म्हणाली.

मंग डिग्री कोणती, यावर घरात आठवडाभर बैठका झाल्या. केदारखेड्याहून तिचे दिगंबरमामा खास आले. "बी.एस्सी. ॲग्री करा," ते म्हणाले. "विमानाचं काय, आज हाय उद्या न्हाई. शेती कुठं उडून जाते?" माझ्या बायकोचं, सुमनचं, म्हणणं होतं की डी.एड. बरं, शाळेची नोकरी लागली तर दुपारी घरी. शेजारचे बियाणेवाले बी.कॉम.वर ठाम होते, कारण त्यांच्या मुलानं बी.कॉम. केलं होतं आणि तो एकटाच असावा हे त्यांना सहन होत नव्हतं. या सगळ्यात अश्विनीला कुणी काही विचारलं नाही. शेवटी तीच जिन्यावरून खाली आली.

"मी ट्रेनिंगला बाहेर राहणार," ती म्हणाली. "कॉलेजात हजेरी कोण लावणार? बाहेरून होईल अशी कोणतीही डिग्री घ्या."

घ्या, म्हणाली. तिच्या तोंडून त्या दिवशी हा शब्द कसा निघाला, याचं मला अजून नवल वाटतं.

मी बाहेरून बी.ए. आणि विषय भूगोल, असा निकाल दिला. निदान खाली कोणता जिल्हा चाललाय एवढं तरी तिला कळावं.

फॉर्मची शेवटची तारीख आली तेव्हा मायलेकी मेडिकलसाठी दिल्लीला गेल्त्या. "मी आल्यावर भरते," असं अश्विनी जाताना म्हणाली होती. "तू डोळे तपासून ये, फॉर्म माझ्यावर सोड," असं मी म्हणालो होतो. घरातल्या सगळ्यांच्या कागदांची अख्खी फाईल घेऊन मी नेट कॅफेत गेलो. रांगेत दहा-बारा माणसं होती. आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत मी त्या रांगेला माझी मुलगी पायलट होणार आहे हे सांगत होतो. हे मुद्दाम नोंदवतो, कारण माझं अर्धं लक्ष तिकडं होतं. (अर्धं म्हणजे सगळं.)

कॅफे चालवणारी रेश्मा म्हणाली, "काका, आधार."

मी माझं दिलं. म्हटलं, आधी पालकाचं लागत असेल. माझ्या मोबाईलवर ओटीपी आला, तो मी रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितला.

"काका, शिक्षण मधेच राह्यलं होतं का तुमचं?"

"हो ना. बारावी झाली अन् दुकानात बसावं लागलं."

"मंग हे लई चांगलं करून राह्यले तुम्ही."

"करावंच लागतं, बाई. बापाचं कर्तव्य आहे."

ती क्षणभर माझ्याकडं बघत राहिली, पण मागं रांग होती. "विषय?" तिनं विचारलं. "भूगोल," मी म्हणालो. "बारावीचं मार्कशीट?" "फायलीत आहे, बघून घे." तिनं फायलीत शोधलं आणि आधारवरच्या नावाशी बराबर जुळणारं मार्कशीट काढलं. तिचं काहीच चुकलं नाही, हे मला आजही मान्य आहे.

"आता इकडं कॅमेऱ्यात बघा."

मी बघितलं, आणि मान वळवून रांगेला म्हणालो, "बघा, आजकाल पालकाचा पण फोटो घेतात. किती कडक झालंय सगळं." रांगेनं माना डोलावल्या. मुलाचा फॉर्म भरायला आलेल्या एका गृहस्थांनी तर खिशातून कंगवा काढून केस विंचरले. मी सही केली, छापील कागद न वाचता फायलीत घातला आणि विजयी मुद्रेनं घरी आलो.

दीड महिन्यानं पार्सल आलं. तोवर अश्विनीची मेडिकल निघाली होती, उड्डाण प्रशिक्षण संस्थेची प्रवेश परीक्षा निघाली होती, शिष्यवृत्तीही मिळाली होती आणि चार दिवसांनी तिला जायचं होतं. बॅगा भरता भरता तिनं पार्सल फोडलं. आत पुस्तकं होती आणि वर एक ओळखपत्र. ओळखपत्रावर माझा फोटो होता. त्यातही माझं तोंड उघडं होतं, कारण मी रांगेशी बोलत होतो.

"पप्पा," ती शांतपणे म्हणाली, "अभिनंदन. तुमचा नंबर लागला."

सुमननं ते ओळखपत्र हातात घेतलं, उजेडात धरलं. "फोटो बरा आलाय," म्हणाली, आणि खाली बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

मी तसाच रेश्माकडं धावलो. "काका, मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. विचारलंच होतं. तारीख केव्हाच निघून गेली होती, आता पुढच्या वर्षी. घरी आलो तेव्हा माझा चेहरा बघून अश्विनी बॅग बंद करायची थांबली.

"आता तुझं कसं?" मी म्हणालो. "तुझ्या हातात तर काहीच न्हाई राह्यलं."

"न्हाई तर न्हाई. मी चालले विमान शिकायला." मंग तिनं पुस्तकांचा गठ्ठा उचलून माझ्या मांडीवर ठेवला. "पण हे सोडायचं न्हाई. मी तिकडं पेपर देणार, तुम्ही इकडं द्यायचे. डिग्री पाहिजे म्हणून तुम्हीच मागं लागले होते."

तिच्यासमोर नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. दर रविवारी सकाळच्या गाडीनं मी जालन्याला जाऊ लागलो. जुन्या जालन्यात एका कॉलेजात आमचे वर्ग भरायचे. पहिल्याच दिवशी दारात उभा राहिलो, तर माझ्या निम्म्या वयाचे सर म्हणाले, "पालकांनी बाहेर थांबावं."

"सर, मी विद्यार्थी आहे."

"मग उशीर का झाला?"

"गाडी लेट होती, सर." वर्ग हसला. गाडीला हसला असेल, असं मी ठरवलं.

दुकानात एका हातात तांब्याची तार आणि दुसऱ्या हातात पुस्तक अशी स्थिती झाली. गिऱ्हाईक विचारायचं, "मोटार कधी मिळेल?" मी म्हणायचो, "पेपर झाल्यावर." दिगंबरमामांनी फोन करून पुष्कळ चौकशी केली, की मला डबा कोण देतं, गणवेश आहे का, आणि पुढं लग्नाचं काय बघायचं.

पहिल्या वर्षी इंग्रजी सोडून माझे सगळे विषय निघाले. मी पेढे आणायच्या बेतात होतो, तेवढ्यात दुपारी अश्विनीचा फोन आला. आधी तिनं माझा निकाल विचारला. मंग म्हणाली, "पप्पा, हवामानशास्त्रात नापास झाले."

वर्षभर मी ज्या फोनची भीती बाळगून होतो तो हाच होता. माझ्याकडं तेव्हा कितीतरी 'समज' तयार होते. आता एकही सापडेना.

"तुम्ही बरोबर म्हणत होते," ती म्हणाली. "विमान न्हाई जमलं तर माझ्याकडं दुसरं काहीच न्हाई. डिग्री पण न्हाई."

तिची डिग्री माझ्या काउंटरवर पडली होती. लाल पेन्सिलीनं खुणा केलेलं हवामानशास्त्राचं पुस्तक होतं ते. मला तिला धीर द्यायचा होता, पण तसलं बोलणं मला कधी जमलं नाही. मी पुस्तक उघडलं.

"ढग किती प्रकारचे असतात?"

"काय?"

"सांग की. माझ्यासमोर पुस्तक आहे, थापा चालणार न्हाईत."

तिनं नाक ओढत इंग्रजी नावं सांगायला सुरुवात केली. मी मराठी नावांवर बोट ठेवून थांबवत होतो. "थांब, हे क्युम्युलस म्हणजे आमचा राशिमेघ का? कापसाच्या ढिगासारखा?"

"हो."

"मंग तसं म्हण की. आपल्या मार्केट यार्डात दरसाल बघतेस तू."

ती हसली. रडत होती, पण हसली. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सात वाजता मी शटर अर्धं खाली ओढायचो आणि फोनवर आमचा वर्ग सुरू व्हायचा. मी तिला वारे, दाब, धुकं विचारायचो. ती मला इंग्रजीचं व्याकरण विचारायची आणि चुकलो की माझ्याच आवाजात म्हणायची, "समज, हे परीक्षेत आलं." पुढच्या खेपेला तिचं हवामानशास्त्र मस्त मार्कांनी निघालं. माझं इंग्रजी काठावर निघालं, पण निघालं.

त्यानंतर एका सकाळी तिचा फोन आला. "पप्पा, आज एकटीनं उडवलं. शेजारी कुणी नव्हतं." मी "बरं, बरं" म्हणालो आणि फोन ठेवल्यावर एकाच मोटारीला दोनदा वॉर्निश लावलं. मंग लायसन्स आलं, वर्षभरानं नोकरी लागली. तिनं आम्हा दोघांना विमानात बसवलं त्या दिवशी दारं बंद झाल्यावर आवाज आला, सह-वैमानिक अश्विनी आपलं स्वागत करत आहे. सुमननं माझा दंड इतका दाबला की दोन दिवस वळ होता. मी मात्र अगदी शांत होतो. पुढच्या, मागच्या आणि पलीकडच्या रांगेला ती कोण आहे एवढंच सांगितलं, आणि दोनदा सांगूनही मी पट्टा लावला नाही म्हणून हवाई सुंदरीनं तो स्वतः लावला.

परतूरला अश्विनीचा सत्कार झाला. माझाही निकाल त्याच महिन्यात लागला होता, त्यामुळं आयोजकांनी एक शाल जास्त आणली. कार्यक्रम संपल्यावर एक गृहस्थ गर्दीतून वाट काढत, मुलीकडं न जाता, थेट माझ्याकडं आले.

"आमच्या पोराला बी पायलट व्हायचंय, साहेब. बॅकअपला कोणती डिग्री घ्यावी?"

मी शाल सावरली. "तुम्ही स्वतः बारावी पास आहात का?"

"न्हाई. दहावी."

"मंग अवघड आहे," मी पदवीधर माणसाला शोभेल अशा गांभीर्यानं म्हणालो. "पोराला सरळ पायलटच होऊ द्या."