शालीत गेलेले चोवीस वॅट

हदगावच्या आमच्या शाळेत घडलेल्या प्रकाराविषयी या सदरात मागे जे छापून आले, ते वाचून हा मजकूर पाठवीत आहे. ते लिहिणारे गृहस्थ त्या दिवशी सभागृहात नव्हते. मी होतो. बटण माझ्या हाताखाली होते.

माझ्या घरात देव्हारा नाही, अंगारा नाही, ताईत नाही. सारी नोकरी विज्ञान शिकवण्यात गेली. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर उभे केले आहे. तेव्हा पुढचे लिहिताना मला आनंद होत आहे, असे कोणी समजू नये.

कै. सोनटक्के आणि मी एकाच शाळेत विज्ञान शिकवीत होतो. ते लातूरकडचे, रेणापूरचे. मी शेजारच्या हिमायतनगरचा. तरी गाव त्यांचे झाले! ते वर्गात विनोद सांगत, मी गणिते सोडवून घेई. बाजारात त्यांना चहा मिळे, मला नमस्कार. प्रयोगशाळेतील तारा मी ओढल्या. ते स्टुलावर बसून गाणी म्हणत... आणि गेल्या हिवाळ्यात त्या प्रयोगशाळेला नाव दिले गेले ते एकट्या सोनटक्क्यांचे. मी हरकत घेतली होती. लेखी.

मुख्याध्यापक शेख हे आम्हा दोघांचेही विद्यार्थी. निवृत्तीनंतर मी नांदेडला असतो; ते तिथे माझ्या घरी आले.

"सर, उद्घाटनाला प्रयोग तुम्हीच करून दाखवा. तुमच्यावाणी साफ हात कुणाचाच न्हाई."

"मग पाटीवर नाव त्यांचं का?"

"आता काय सांगू सर... पोरं त्यांना लई आठवतात हो."

मी होकार दिला. त्या खोलीतले काम कोणाचे होते, हे गावाने एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढाच हेतू होता.

भर सकाळचा कार्यक्रम. मंचावर बारा व्होल्टची बॅटरी, नायक्रोमच्या तारेचे वेटोळे, काचेच्या पेल्यात अर्धी वाटी पाणी आणि तापमापी. वेटोळे पाण्यात सोडून बटण दाबले. शाळेच्या मीटरवर विभवांतर बारा व्होल्ट, धारा दोन अँपिअर. फळ्यावर लिहिले — बाराला दोनने भागा, रोध सहा ओहम. बाराला दोनने गुणा, शक्ती चोवीस वॅट. "दहा मिनिटांत या पाण्यात बोट ठेववणार नाही," असे मी सांगितले.

दहा मिनिटे झाली. पारा जागचा हलला नव्हता. मी बोट घातले... रांजणातले पाणी!

मागून कोणीतरी ओरडले, "सोनटक्के सर असते तं एव्हाना चहा झाला असता!" सभागृह खदखदून हसले. माणूस गेला, तरी हशा त्याचाच.

"सर, मीटर जुनं हाय," शेख कुजबुजले. सदरातही हेच स्पष्टीकरण छापले आहे, आणि ते चूक आहे. मी माझ्या पिशवीतला मल्टीमीटर काढून दोन्ही मापे पुन्हा घेतली. वेटोळ्याच्या टोकांवर बारा, धारा दोन. वीज कुठे आडवाटेने जात असती, तर रोध सहा राहिला नसता. म्हणजे चोवीस वॅट त्या वेटोळ्यातच खर्च होत होते — आणि पाणी गार.

पहिल्या रांगेत सोनटक्के वहिनी बसल्या होत्या. शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर त्यांच्या यजमानांचा फोटो आणि सत्काराची शाल ठेवली होती. वहिनींनी शालीवर हात ठेवला आणि मला हाक मारली.

"भावजी, इकडं या बरं. ही शाल ऊन ऊन कशी लागून राहिली?"

मी खाली उतरलो. शाल नुकतीच इस्त्री फिरवल्यासारखी गरम. खिडकी दूर, उन्हाची तिरीपही नाही. खुर्ची मी स्वतः उलटी करून पाहिली. साधे लाकूड. मंचावर जाऊन बटण बंद केले. थोड्या वेळाने वहिनी म्हणाल्या, "निवली." पुन्हा चालू केले. "आली बघा... आली ऊब." त्यांनी शाल उचलून अंगाभोवती घेतली आणि हसल्या.

"जित्तेपणी बी असंच होतं की, भावजी. राबायचं तुम्ही, अन् ऊब ह्यांना!"

टाळ्या पडल्या. मी बटण बंद केले.

आता गावात फिरणाऱ्या कथांविषयी. मला हुंदका आवरला नाही म्हणतात — साफ खोटे. मीच शालीत तार लपवून दिवंगत मित्राला मानवंदना दिली, असेही म्हणतात. अहो, त्या माणसाचा मान वाढवायला मी तारा लपवीन? मला ओळखणाऱ्या एकाने तरी हे पटवून घेऊन दाखवावे!

परंतु याच कथेचा धागा धरून शेख पुन्हा नांदेडला आले. "सर, तुमचीच करामत म्हणा की. लोकं तसंच समजून राहिलेत. शाळेची समिती बी तयार हाय. 'सोनटक्के-कांबळे प्रयोगशाळा' करून टाकू."

मला पाटीवर माझे ते नाव हवे होते. आजही हवे आहे. एका होकाराचे काम होते. मी म्हणालो, "शेख, जे मी केलं नाही, ते माझ्या नावावर लावू नका." चहा न घेताच ते उठले.

ते वेटोळे, बॅटरी आणि पेला मी मागून घेतले आहेत. घरी त्याच बॅटरीवर, त्याच पेल्यात पाणी दर खेपेस मुकाट्याने तापते. मग त्या सकाळी काय झाले? चोवीस वॅट कोणाकडे गेले, हे मला ठाऊक आहे. कसे गेले, हे ठाऊक नाही. कोणास ठाऊक असल्यास त्यांनी मापांसह लिहावे. अंदाज कळवू नयेत.

पाटी लागली आहे. तिच्यावर नाव एकच आहे.