गडूभर पाऊस

हवामान केंद्र बघायला आलेल्या शाळकरी मुलांसमोर, यंत्रं सांभाळणाऱ्या मामांनी ऐटीत पर्जन्यमापकात गडूभर पाणी ओतलं. त्याआधी नोंदीची तार काढून ठेवायची असते. बोलण्याच्या नादात ती राहूनच गेली. झालं! दुसऱ्या दिवशी नोंदीत पाऊस, आणि शेजारचं नवं यंत्र कोरडं ठणठणीत.

केंद्रप्रमुख मॅडम नवं यंत्र सांभाळणाऱ्या पोरीवर डाफरल्या, "मामांचं यंत्र कधी चुकत नाही. तुझंच खोल!"

मामा मूग गिळून बसले.

ती संध्याकाळपर्यंत एकेक स्क्रू काढत होती. शेवटी न राहवून, आता सांगूनच टाकायचं असं ठरवून, मामा चहा घेऊन गेले. तिनं डोळे पुसले.

"मामा, तुम्ही एकटेच विचारपूस करायला आलात हो."

मामांनी मुकाट्यानं तिच्यासाठी टॉर्च धरला.