हिरव्याखालचा हाकारा

आखातातल्या आमच्या अल सुलैच्या यार्डात गुणाजी टाक्या रंगवतो आणि शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, जंगलं. जंगल त्याने जन्मात पाहिलेलं नाही. सावंतवाडीकडचा असला तरी घर भर बाजारपेठेत. शिकवलं कुणीच नाही, त्यामुळे त्याच्या वाघाला मांजराची मान आणि हत्तीला माणसाचे गुडघे. तरीही आमच्या कामगार कॅम्पच्या खोलीत त्या झाडांकडे पाठ करून झोपणं माझ्या जिवावर येतं. तिथे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं.

इथल्या बँकेतल्या उल्हाससाहेबांच्या बायकोला, अलकाताईंना, मात्र हेच हवं होतं. त्यांचा दिवाणखाना म्हणजे जुन्या गोऱ्या कलेक्टरचा बंगलाच, वेताच्या खुर्च्यांसकट. भिंतीवर शिकार पाहिजे म्हणाल्या, हत्तीवर गोरा साहेब, बंदूक, वाघ. गुणाजीने प्लायवर सगळं काढलं. आणि कुणी न सांगता झुडपात एक काळा पाठमोरा माणूस काढला, पत्र्याचा डबा बडवत निघालेला.

तो त्याचा आजोबा. एका गोऱ्या साहेबाच्या शिकारीत हाकारा म्हणून डबा बडवत रान उठवायला गेला आणि वाघाने त्यालाच धरलं. साहेबाचा मेलेल्या वाघावर पाय ठेवून फोटो निघाला. आजोबाचा एकही नाही. त्या साहेबाचा मला आजही राग येतो, आणि मी तर गुणाजीचा कुणी नाही.

अलकाताईंना तो माणूस खटकला. गर्दी वाटते म्हणाल्या. गुणाजीने मुकाट्याने त्याच्यावर हिरवा रंग चढवला. गधड्याने आजोबा टाकीच्या डांबरी रंगात काढला होता! डांबरावर काहीही चढवा, ते पाझरून वर येतंच. यार्डातला नवखा पेंटरही हे जाणतो. त्या दिवशी गुणाजीचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

महिन्याभरात अलकाताईंचा फोन आला. आम्ही दोघं गेलो. हिरव्यातून डोकं, खांदे, डबा, सगळं वर आलं होतं. अलकाताई त्या खोलीत एकट्या जात नव्हत्या. आजच्या आज झाका म्हणाल्या.

गुणाजी जवळ गेला. डोक्याच्या डागात दोन डोळ्यांएवढ्या जागा उजळ राहिल्या होत्या.

"मियां आजो पाठमोरो काढलेलो," तो हळूच मला म्हणाला.

त्याने ब्रश पिशवीत टाकला.

"ताई, एकदा झाकला. आता नाही झाकणार."

चित्र उतरवून आम्ही कॅम्पवर आणलं. आता ते गुणाजीच्या खाटेलगत भिंतीवर टांगलंय, आणि तो त्याच्याकडे तोंड करून निवांत झोपतो. डाग पसरतोच आहे. परवा हत्तीवरच्या साहेबाचा चेहरा त्याखाली गेला.