मुठीतली किल्ली

महिनाभराच्या योगशिक्षक कोर्ससाठी मी शारजात, रोल्ला भागात बहिणीकडे राहत होते. आम्हा शिकणाऱ्यांना व्हॅनने दुबईला नेणारा ड्रायव्हर दापोलीकडचा. पहाटे पाचला खाली हजर, मुठीत किल्ली खुळखुळवत. "ताई, यल्ला, चला लवकर! ट्राफिक लागला तर खलास!" चहासुद्धा उभ्यानेच प्यायचा, पण किल्ली काही खिशात जायची नाही.

परीक्षेत प्रत्येकीने एका नवख्याला शिकवायचं होतं. त्यासाठी ठरलेली माझी मैत्रीण आयत्या वेळी आलीच नाही. मी पार्किंगमध्ये ड्रायव्हरकडे धावले.

"मी? ताई, गाडी चालवून माझी कंबर गेलीय," म्हणत तो आला. मोजे काढताना लाजला. प्रत्येक आसनाला विचारायचा, "झालं? पुढचं काय?" पाठ केलेलं सगळं विसरून मी त्याच्या श्वासाबरोबर आवाज हळू करत गेले.

शवासनात म्हटलं, "हात सैल सोडा." डावा सुटला. उजव्या मुठीत किल्ली होतीच. मी ती मागितली नाही, नुसती बसून राहिले. बऱ्याच वेळाने किल्ली मॅटवर पडल्याचा बारीक आवाज आला. पाठोपाठ घोरणं.

वेळ संपली. त्याला उठवायला मी वाकले, तर परीक्षक बाईंनीच ओठांवर बोट ठेवलं.