पिवळ्या चौकटीतली सुट्टी

कंपनीत हजेरी बघणारे काका निवृत्त झाले आणि त्यांची एक्सेलची फाइल माझ्या गळ्यात पडली. महिनाअखेरीला प्रत्येकाच्या रजा हातानं मोजायच्या. मधेच कामगारानं विचारलं, "माझ्या किती सुट्ट्या राहिल्या?" की उत्तर ठरलेलं: बघून सांगते. स्वतःच्या हक्काची रजा माणसानं विचारत का फिरायचं? कॉलेजात असताना याच विषयावर मी पत्रकं लिहून गेटवर वाटली होती. म्हणून वर्कफ्लोचं सॉफ्टवेअर शिकून घेतलं. पडद्यावर चौकोन जोडायचे. एक फाइल वाचतो, दुसरा रजा मोजतो, तिसरा ज्याच्या-त्याच्या मोबाइलवर शिल्लक पाठवतो.

पहिले मेसेज गेले आणि पॅकिंगमधल्या आपा माझ्या टेबलापुढं येऊन उभ्या राहिल्या.

"बेटा, मेरी छुट्टियां किधर गई?"

मेसेजात शिल्लक शून्य होती. त्यांच्या लेकीचं बाळंतपण वैजापूरला, सिझेरियनची तारीख ठरलेली, सासरी दुसरं बाईमाणूस नाही. आठवडाभर तरी आपांना जाणं भाग होतं.

सोबत त्यांची लाइनीवरची जोडीदारीण होती, देवगाव रंगारी गावची. ती म्हणाली, "तुझं मशीन खोटं बोलतंय. ईदला आपाची पाळी मी केली, माझ्या सुट्टीच्या दिवशी येऊन. माझ्या महालक्ष्म्यांना तिनं माझी केली. मग रजा कशाची?"

फाइल उघडली. ते दिवस पिवळे होते. आमच्याकडं अशी अदलाबदल जुनी आहे. एकीचा सण, दुसरीची पाळी. काका त्या दिवशी गैरहजेरीच लिहायचे, चौकट पिवळी करायचे आणि मोजताना सोडून द्यायचे. सॉफ्टवेअर अक्षर वाचतं, रंग वाचत नाही. आपांचा प्रत्येक पिवळा दिवस रजेत गेला होता.

उपाय सोपा होता: अदलाबदलीचा वेगळा रकाना. त्याला साहेबांची मंजुरी हवी होती.

"अदलाबदल नियमात कुठंय?" साहेब म्हणाले. "सिस्टीम शून्य म्हणते ना? विषय संपला."

"सर, सिस्टीमला रंग दिसत नाही. तुम्हाला दिसतो. आणि आपांनी सुट्टीच्या दिवशी भरलेली खोकी ट्रकमधून गेली, तेव्हा नियम आठवला नाही?"

साहेब खुर्चीत मागं टेकले. "रकाना घातलास की हेड ऑफिसला दिसणार. ते अदलाबदलच बंद करतील. चालेल तुला?"

ही धमकी होती, आणि राग याचा की ती खरी होती. पण निर्णय माझ्या एकटीचा नव्हता. जेवणाच्या सुट्टीत मी बायकांना सगळं सांगितलं. एकजण म्हणाली, झाकलेलं आहे तेच बरंय, ईदही जाईल अन् महालक्ष्म्याही. आपा डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "माझ्यापायी तुमचे सण नका घालवू. मी बिनपगारी जाते."

"व्हय, जा," जोडीदारीण म्हणाली, "अन् आल्यावर तुझ्या जागी दुसरीच उभी दिसंल. लई शहाणी. आपण काय चोरी केली का? घाल गं तू रकाना."

कुणी नाही म्हटलं नाही. मी रकाना घातला, प्रत्येक अदलाबदलीपुढं दोघींच्या सह्या घेतल्या आणि बेरीज पुन्हा चालवली. आपांच्या रजा आठवड्याला पुरून उरल्या. अर्जावर सही करताना साहेब एवढंच म्हणाले, "वरून विचारणा आली तर उत्तर तू द्यायचं." आपा वैजापूरला गेल्या.

विचारणा आली. मी दोन पानी उत्तर दिलं, जरा पत्रकासारखंच झालं ते. अदलाबदल बंद झाली नाही. हुकूम निघाला की आधी लेखी अर्ज द्यावा. लाइनीवर नुसत्या नजरेनं ठरणाऱ्या गोष्टीला अर्ज. माझा संताप अजून गेलेला नाही.

आपा परतल्यावर पहिला अर्ज जोडीदारिणीचा आला. कारण: आपाची नात बघायला वैजापूरला जाणे. बदली कोण येणार: आपा.