काळी चार न धरणारा तंबोरा

इथले अनुभव मी बरेच दिवस गुपचूप वाचतोय. वाचतो, हसतो आणि झोपतो. विश्वास म्हणाल तर शून्य. आमच्या घरात देवच नव्हता, तर भूत कुठून येणार? वडील सातपूरला एका कारखान्यात शिफ्टवर होते. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. कुणी अंगाऱ्या-धुपाऱ्याचं नाव काढलं की वडील त्याची अशी बिनपाण्याने करायचे की तो माणूस पुन्हा त्या विषयाच्या वाटेला जात नसे. मीही त्यांच्यावरच गेलोय. तरीही एक गोष्ट आहे, जी मला अजून सुटलेली नाही... म्हणून आज लिहायला बसलो.

साल एकोणऐंशी-ऐंशीच्या सुमाराचं. तेव्हा गंगापूर रोडला वस्ती कमी आणि द्राक्षांचे मळे जास्त. तिथे आमची शाळा होती. नाव देत नाही, शाळा बंद पडली आणि इमारतही पाडली. सकाळी गाणं, नाच, तबला, नाटक. दुपारी इतरांसारखं गणित-भूगोल. गायनाची खोली वरच्या मजल्यावर, गच्चीला लागून. एक दार, गज लावलेली एक खिडकी, सतरंज्या, एक पेटी आणि दोन तंबोरे.

मला तिथे घातलं वडिलांनी, सगळ्या भावकीशी भांडून. स्वतः ते वस्तीतल्या भीमगीतांच्या पार्टीत गायचे. खडा आवाज, पण शिकवलेलं कुणी नाही. काका म्हणायचा, "गाणं शिकून काय व्हनार हाय? पोराला कामाचं वळण लाव." त्यावर वडिलांचं उत्तर एकच, "माझं पोरगं बसून, तंबोरा घेऊन गानार. शास्त्रात गानार. नाय जमलं तर मीच त्याला हाताला धरून कारखान्यात नेईन, मग तर झालं?"

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. नववीच्या शेवटी गायनाची प्रॅक्टिकल परीक्षा असायची. बाहेरून परीक्षक यायचे. त्यात पास झाला तर दहावीला शाळेत, नाही तर दाखला हातात.

आठवीपर्यंत मला चिंता नव्हती. माझा आवाज काळी चारचा. ज्यांना पेटीतलं कळत नाही त्यांच्यासाठी - ही पेटीवरची चौथी काळी पट्टी, उंच सूर, मुलींचा आणि लहान मुलांचा. पुरुष साधारण काळी एकच्या आसपास गातात, बरंच खाली. गॅदरिंगला माझं पद असलं की मागच्या रांगेतली माणसं उभी राहायची. माझे गुरू टिळेकर सर तेव्हा पेटीवर मान खाली घालून बसायचे, पण कान लाल झालेले दिसायचे. आनंद झाला की त्यांचे कान लाल होत.

सरांबद्दल सांगायला हवं. ते कधीच गात नसत. बोलतानासुद्धा आवाज घोगरा, अर्धा वाराच. गाण्यातली एखादी जागा दाखवायची तर पेटीवर बोटांनी दाखवायचे. लहानपणी म्हणे खानदेशात एका नाटक कंपनीत गायचे आणि लोक गाड्या जुंपून ऐकायला यायचे. पुढे काय झालं, ते विचारायची कुणाची टाप नव्हती.

नववीत दिवाळीच्या सुट्टीनंतर माझा आवाज फुटला.

ज्यांच्या घरी मुलगे आहेत त्यांना यात काही विशेष वाटणार नाही. सगळ्यांचाच फुटतो. पण मला सांगा, ज्याचं सगळं बिऱ्हाडच आवाजावर उभं आहे त्याने काय करायचं? वरचा षड्ज लावायला जावं आणि कोंबडं आरवल्यासारखं काहीतरी बाहेर पडावं. पोरं फिदीफिदी हसायची. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी जवळ बोलावून सांगितलं, "सोडायचं नाही. काळी चार धरून ठेवायची. एकदा खाली आलास की संपलास."

मग मी धरून ठेवली. आईने ज्येष्ठमध दिलं, हळद-दूध दिलं. मी सगळ्यांच्या आधी शाळेत येऊन रियाज करायचो. गळ्याच्या शिरा दोरीसारख्या ताठ व्हायच्या. एकदा बेसिनमध्ये थुंकलो तर लाल धागा दिसला. मी नळ सोडला आणि कुणाला सांगितलं नाही. आवाज गेला तर वडिलांचं तोंड कसं होईल, एवढंच सारखं डोळ्यांसमोर यायचं.

आमच्या खोलीत एक शिस्त होती. संध्याकाळी शेवटी जाणाऱ्याने तंबोऱ्यांच्या तारा पार सैल करायच्या, इतक्या की छेडलं तर नुसतं खडखड वाजावं. वर कापडी गवसणी चढवायची. म्हणजे रात्रीच्या थंडीत लाकडावर ताण येत नाही. सकाळी पहिला येईल त्याने सरांकडून किल्ली घेऊन खोली उघडायची आणि तंबोरा लावायचा, म्हणजे तारा ताणून सुरात आणायच्या.

थंडीतली गोष्ट. मी खोली उघडली, गवसणी काढली, तंबोरा मांडीवर घेतला आणि सवयीने तारांवरून बोट फिरवलं... तो लागलेला होता.

चारही तारा सुरात. पण काळी चारला नाही. खूप खाली, काळी एकला. तारा होत्या उंच सुराच्या, पातळ. एवढ्या खाली आणल्या की त्या लोंबतात, बोलत नाहीत. इथे मात्र असा भरलेला नाद की खोलीत पाणी चढतंय असं वाटलं.

मला वाटलं, सुनंदाची थट्टा. सुनंदा माझ्याच वर्गातली, तंबोऱ्याचा हात चांगला. तिला विचारलं तर उलट तीच उखडली. "मी? मला घरून भाकऱ्या थापल्याशिवाय सोडत नाहीत, आणि मी पहाटे येऊन तुझा तंबोरा लावू? शहाणाच आहेस!"

दुसऱ्या दिवशी तेच. मी खुंट्या पिळून सूर वर चढवला, रियाज केला, संध्याकाळी तारा स्वतः सैल केल्या. सकाळी पुन्हा काळी एक. मग हे रोजचंच झालं. चिडून एकदा खुंटी अशी पिळली की तार तुटून तळहातावर बसली. वळ कितीतरी दिवस होता.

शेवटी सरांना सांगितलं. वाटलं, ओरडतील. पण त्यांचा चेहरा एकदम पांढरा पडला.

"कुठल्या पट्टीत मिळतो?"

"काळी एक, सर."

 सर माझं मनगट धरून म्हणाले, "चढव. रोज चढव. त्याचं ऐकू नकोस."

त्याचं म्हणजे कुणाचं? विचारायचं धाडस झालं नाही. त्या दिवसापासून संध्याकाळी सर स्वतः थांबायचे. माझ्यासमोर तारा सैल करायचे, गवसणीच्या तोंडाला सुतळीची गाठ मारायचे, कुलूप लावून किल्ली कनवटीला. सकाळी गाठ तशीच असायची. मी सोडायचो, सर बाजूला उभे. तंबोरा काळी एकला लागलेला.  तरी ते म्हणायचे, "चढव."

परीक्षा आली तोवर माझ्या घशातून बोलणंसुद्धा धड निघेना. वडील शिफ्ट बदलून आले होते. कडक इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या भिंतीला टेकून बसले होते. परीक्षक पुण्याच्या एक वयस्क बाई होत्या. मी दोन्ही तंबोरे काळी चारला लावले, बाईंनी मान डोलावली. एक सुनंदाकडे दिला, दुसरा एका लहान वर्गातल्या मुलीकडे, आणि डोळे मिटून षड्ज लावला.

लागला नाही. फाटला. पुन्हा लावला, पुन्हा फाटला. कुणीतरी हसलं. डोळे उघडले तर सर समोर बसून तळहात वर-वर करत होते. चढव, चढव. वडिलांनी मान खाली घातली होती. ती मान मी आयुष्यात विसरणार नाही. मनात आलं, संपलं. आता उठायचं आणि त्यांच्यामागून सातपूरच्या बसमध्ये बसायचं.

तेवढ्यात मागून सुनंदा कुजबुजली, "अशोक... तारा उतरतायत."

एखादी तार उतरते, त्यात नवल नाही. हवेने होतं, खुंटी सरकते. पण दोन तंबोरे, सगळ्या तारा, सगळ्या एकत्र, एकमेकींचा सूर न सोडता खाली येत होत्या. मी वळून खुंट्या पाहिल्या. एकही हलत नव्हती. सुनंदाचे डोळे भरले होते, पण तिची बोटं थांबली नाहीत. साथीला बसलेल्या तबल्याच्या सरांनी हात उचलून मांडीवर ठेवले. सूर उतरत उतरत आला आणि एका जागी थांबला. काळी एकला. तोच नाद, भरलेला.

परीक्षक बाई म्हणाल्या, "थांबू नकोस बाळ. गा."

दुसरं काही उरलंच नव्हतं. मी तोंड उघडलं... आणि जो षड्ज लागला तो मी त्यापूर्वी कधीच ऐकला नव्हता. जाड, स्थिर, पोटातून आलेला. मला स्वतःचीच भीती वाटली. मी नुसता आलाप केला, तबल्याशिवाय. किती वेळ, ते माहीत नाही. गळा दुखत नव्हता, एवढं मात्र आठवतं.

बाईंनी पास केलं. जाताना सरांना म्हणाल्या, "मुलगा मोठा झालाय हो. वर ओढाल तर आवाजाचा चेंदामेंदा होईल. तारांचं म्हणाल तर हवा कोरडी आहे." हवेवर त्यांचा स्वतःचा तरी विश्वास बसला होता का, कोण जाणे.

वडील बाहेर झाडाखाली उभे होते. मला बघून म्हणाले, "लय बेस." मग जरा थांबून, "पर आवाज तुझाच व्हता ना रं?" मी हो म्हणालो. त्यांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

मी चप्पल विसरलो म्हणून वर गेलो. सर खोलीत एकटेच होते, तंबोरा पुढ्यात आडवा.

"बस," ते म्हणाले. "माझ्याही वेळेला सकाळी तंबोरा असाच मिळायचा. कंपनीत. दुसरं गाव, दुसरा तंबोरा. मला वाटायचं, कुणीतरी माझा आवाज खाली ओढून नेतंय. मालक म्हणायचे, चढव. मी चढवत राहिलो. एक दिवस रंगमंचावर वरच्या सुराला गेलो आणि गळ्यात काहीतरी तुटलं. परत आलंच नाही काही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ते ओढून नेत नव्हतं रे. देत होतं. मला आज तुझ्यावरून कळलं."

 पंधरा वर्षांचं पोर मी. मला रडू आलं, सरांना नाही आलं.

दहावीचं वर्ष सुरू झालं. तंबोरा आता सकाळी नेहमीसारखाच असायचा, सैल आणि मुका. मी काळी एकला लावायचो आणि गायचो. पण एक बदल झाला होता. रोज मी पोचायच्या आधी सर तिथे आलेले असायचे. गवसणी निघालेली, तंबोरा त्यांच्या मांडीवर. ते एकदाच तारांवरून बोट फिरवायचे, खडखड आवाज यायचा, आणि तंबोरा माझ्याकडे द्यायचे.  मला कळायला वेळ लागला... ते रोज बघायला येत होते, आपल्यासाठी लागलाय का ते. इतकी वर्षं उलटल्यावरही, एकदा तरी.

मला ते बघवेना. एक दिवस ऑफिसातून दुसरी किल्ली घेऊन मी सरांच्याही आधी आलो. त्यांच्या बोलण्याच्या घोगऱ्या आवाजावरून अंदाज बांधला आणि काळी एकच्याही खाली, अगदी जीव ओतून तंबोरा लावला. गवसणी घातली, गाठ मारली, कुलूप लावून गच्चीवर आडोशाला उभा राहिलो.

सर आले. गाठ सोडली. बोट फिरवलं. नाद उठला, माझ्या मते चांगलाच उठला. सर डोळे मिटून ऐकत राहिले. मग त्यांनी तोंड उघडलं.  नुसती हवा आली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवाच.

मग दाराकडे न बघताच म्हणाले, "अशोक, ये आत. तू लावलास ना?"

मी खाली मान घालून आत गेलो.

"छान लावलायस," सर म्हणाले. "पण माणसाने लावलेला कळतो रे."

आज मीही गाणं शिकवतो. मुलांचे आवाज फुटतात, तेव्हा मीच त्यांचा तंबोरा खाली लावून देतो. तो माझ्या हाताने लागतो, आणि माणसाने लावल्यासारखाच लागतो. ज्याने माझा लावला, तो कोण होता, कुठून आला, मला का दिलं आणि सरांना दुसऱ्यांदा का नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. सर गेले तेव्हा मी उशाशी तंबोरा घेऊन बसलो होतो. शेवटपर्यंत ते हळूच विचारत होते, "लागलाय का रे?"